एका फोटोसाठी लातूरला दोनदा

मी आठवी-नववीला भूमिती शिकवते. बावीस वर्षांत त्रिकोणाच्या कोनांची बेरीज बदललेली नाही, त्यामुळे मला नवीन काही शिकायची वेळ आली नव्हती. मग एका दिवाळीत नवऱ्यानं कॅमेरा आणला, स्वतःसाठी. चार दिवस कुंड्यांचे फोटो काढले, पाचव्या दिवशी त्याची मान दुखायला लागली आणि कॅमेरा माझ्या साड्यांच्या कपाटात आला. रोज साडी काढताना त्याची ती काळी काच माझ्याकडे बघायची. शेवटी मी शनिवार-रविवारच्या फोटोग्राफीच्या वर्गात नाव घातलं.

वर्ग पुण्यात, आमच्या घरापासून दोन चौक पुढे. शिकवणारे चैतन्य सर सव्वीस वर्षांचे, अंबाडा माझ्यापेक्षा घट्ट. विद्यार्थी बारा. त्यातले अकरा माझ्याकडे भूमितीत नापास होऊ शकले असते अशा वयाचे. पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर चौकोन काढून त्याचे आडवे-उभे तीन-तीन भाग केले आणि म्हणाले, रेषा जिथे छेदतात तिथे नजर आपोआप जाते, महत्त्वाची वस्तू तिथे ठेवायची. मग डोळ्याला आत ओढून नेणाऱ्या रेषा आल्या, दारा-कमानीतून दिसणारी चौकटीतली चौकट आली, मुद्दाम सोडलेली रिकामी जागा आली. मी मनात म्हटलं, ही तर माझीच भूमिती, नुसती फी वेगळी.

रस्त्यावरच्या फोटोग्राफीचा सरांचा एकच कडक नियम होता. रस्त्यावरचं काहीही हलवायचं नाही. माणूस नाही, खुर्ची नाही, केराची टोपलीही नाही. जे आहे ते आहे. मी हे वहीत लिहून खाली पट्टीनं रेघ मारली. इतर अकरा जणांकडे वहीच नव्हती.

शेवटी दहा फोटोंचं काम मिळालं. त्यातून निवडून प्रदर्शन भरणार होतं. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तो हा उन्हाळा. सर म्हणाले, "सध्या सब्जेक्ट मराठवाड्यात आहे." आमच्या वर्गात लोकांच्या घशाला पडलेल्या कोरडीला सब्जेक्ट म्हणत. मला शाळेची सुट्टी होती, आणि लातूरला माझी बीएडची मैत्रीण महादेवी होती. तिला फोन केला. ती म्हणाली, "ये की. येताना पाणी घेऊन ये म्हणणार होते, पण तू कॅमेराच आणणार." मी दोन्ही नेलं.

पुण्याहून सकाळची एसटी पकडली. टेंभुर्णी, कुर्डुवाडी, बार्शी, येडशी, मुरूड करत आठ-नऊ तास लागतात, तिकीट चारशेच्या आसपास. जाणार असाल तर डाव्या खिडकीचा हट्ट धरू नका, दुपारनंतर दोन्ही बाजूंना सारखंच भाजतं. बार्शीपर्यंत उसाची हिरवी वावरं अधूनमधून दिसत होती. त्यापुढे शेतं दिसली ती नांगरून ठेवलेली, काळी, वाट बघत. मी खिडकीतून सत्तर फोटो काढले. सगळ्यांमध्ये एसटीच्या गजाची आडवी रेघ आली आहे, अगदी तृतीयांशावर.

लातूरच्या मधोमध गंजगोलाई आहे. मधे गोल इमारत, भोवती गोल रस्ता आणि त्यातून सगळ्या दिशांना फुटलेले सोळा रस्ते. माझ्यासारख्या बाईनं तिथे उभं राहिलं की तिला वर्तुळ आणि त्रिज्या दिसतात. तिथल्या लोकांना रहदारी दिसते. महादेवीच्या नवऱ्याचं भांड्यांचं दुकान याच भागात. त्यांना मी भाऊजी म्हणते. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, आवाज मऊ. त्या वर्षी पितळ-तांब्याचं गिऱ्हाईक गेलं होतं, पण प्लास्टिकच्या घागरी आणि पिंप ठेवायला जागा पुरत नव्हती. भाऊजी खालच्या मानेनं म्हणाले, "महादेवाची कृपा म्हणावं तर लाज वाटायली, आन न्हाई म्हणावं तर खोटं हाय."

त्यांचं घर दुकानापासून चालत दहा मिनिटांवर, एका अरुंद वळणाच्या गल्लीत. रेल्वेनं आलेलं पाणी शहराच्या टाकीत यायचं आणि तिथून त्यांच्या गल्लीच्या नळाला कधी यायचं ते नळालाच ठाऊक. मोठ्या टाक्यांपाशी जमावबंदी लागली होती. चारपेक्षा जास्त माणसांनी पाण्यापाशी एकत्र येऊ नये. गल्लीचा खरा आधार म्हणजे एका मंडळाचा फुकटचा टँकर, दिवसाआड सकाळी येणारा. त्याच्यासाठी आदल्या संध्याकाळीच घागरी रांगेत लागायच्या. माणसं कामावर, घागरी रांगेत.

या रांगेवर हुकमत रजियाआपांची. साठीच्या, बांगड्यांचं दुकान चालवणाऱ्या, गल्लीतल्या निम्म्या सुनांच्या मनगटाचं माप तोंडपाठ असलेल्या. ज्या क्रमानं घागर आली त्या क्रमानं ती उभी राहणार, मधे कुणी घुसणार नाही, भांडण झालं तर आपांचा शब्द शेवटचा. मी पुण्याहून फोटो काढायला आले आहे हे कळल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काढा की," त्या म्हणाल्या. "पैले भी लई आले. एकानं मला तर रडून दाखवा म्हटलं. मी म्हटलं, बेटा, रडायला भी पानी लागतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी महादेवीच्या गच्चीवर चढले. खाली पाहिलं आणि मला खरोखर सरांची आठवण आली. भाऊजींनी गल्लीला एकाच गठ्ठ्यातल्या निळ्या घागरी विकल्या होत्या. गल्लीच्या वळणाबरोबर वळत गेलेली ती निळी रांग, डोळ्याला धरून आत नेणारी, पुस्तकात छापावी अशी. फक्त अकराव्या की बाराव्या जागी एक पिवळी घागर होती. नजर निळ्यावरून सुखानं घसरत यायची आणि त्या पिवळ्यापाशी अडखळायची. मी एक फोटो काढून पाहिला. अडखळतच होती.

गल्लीत त्या वेळी कुणी नव्हतं. मी खाली उतरले, पिवळी घागर उचलली आणि रांगेच्या शेवटी भिंतीला लावून ठेवली. वहीतली रेघ मला आठवली नाही असं मी म्हणणार नाही. आठवली. मी स्वतःला सांगितलं की पाच मिनिटांचा प्रश्न आहे, फोटो झाला की परत ठेवू. भूमितीच्या शिक्षकाला एवढी सूट असावी.

वर येऊन पोचते तोवर टँकरचा हॉर्न वाजला. घराघरातून बाया बाहेर आल्या. आपा अजून दुकानाचं कुलूप लावत होत्या. तेवढ्यात वळणावरून एक बाई घाईनं आली, पदर कमरेला खोचलेला. तिनं रांगेत आपली जागा पाहिली, मग शेवटी पाहिलं, पिवळी घागर दोन्ही हातांनी उचलली आणि इतर घागरींच्या डोक्यावरून नेत पुढे, जिथे ती होती तिथे ठेवली. दोन-तीन बाया वळून तिच्याकडे रागानं बघत होत्या.

माझं बोट आपोआप दाबलं गेलं. निळी वळणदार रांग, वरच्या उजव्या छेदबिंदूवर हवेत उचललेली पिवळी घागर, तिच्याकडे वळलेले तीन चेहरे. सर ज्याला नेमका क्षण म्हणतात, तो महिनाभर तुळशीबागेत उभं राहूनही मला सापडला नव्हता. इथे पाच मिनिटांत सापडला. घागर परत ठेवायचं काम उरलं नाही, ती जिची होती तिनंच ठेवली होती. मला उलट हायसं वाटलं.

फोटो मी लगेच वर्गाच्या ग्रुपवर टाकला. सरांनी नुसत्या पेटत्या ज्योतींच्या इमोजींची ओळ पाठवली. सव्वीस वर्षांच्या माणसाकडून आलेल्या पाच ज्योती म्हणजे काय हे मला त्यांच्या एका विद्यार्थिनीनं समजावून सांगितलं. नाश्त्याला महादेवीनं सुशीला केली होती. पोह्यांच्या जागी चुरमुरे भिजवून करतात, लातूरला गेलात तर पहिल्यांदा हीच मागा. भाऊजींनी माझा फोटो पाहिला, म्हणाले, "आपल्या घागरी काय दिसायल्यात," आणि कौतुकानं आपल्या तीन ग्रुपांवर पाठवून दिला. मी दुसऱ्यांदा सुशीला घेतली.

तिसऱ्या दिवशी उदगीर. लातूरहून एसटीनं दोन तास, रस्ता ठीक, कंबर मजबूत असेल तर. बसमध्ये शेजारी बसलेले आजोबा मराठीत तिकीट काढून कानडीत बायकोशी भांडत होते आणि फोनवर उर्दूत कुणालातरी धीर देत होते. उदगीरला त्या काळात एकच विषय होता: उदगीर जिल्हा होणार. कधी, हे कुणालाच माहीत नव्हतं, पण होणार. चहाच्या गाड्यावर दोघांचं चाललं होतं.

"जिल्हा झाला की पाण्याची सोय होती बगा. कलेक्टर इथंच बसणार."

"लातूर जिल्हा होऊन किती वर्षं झाली? तिथं कलेक्टर बसत न्हाई का?"

पहिल्यानं चहा ढवळला. मग म्हणाला, "तेचं वेगळं हाय."

किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मला सलीम पेंटर भेटले. दुकानांच्या पाट्या रंगवतात. भिंतीला टेकवून ठेवलेल्या चार नव्या पाट्यांवर दुकानाचं नाव होतं, गाव होतं, आणि शेवटी "जि." लिहून पुढे कोरं.

"हे अर्धवट का?" मी विचारलं.

"अर्धवट न्हाई बाई, गिऱ्हाइकाचं सांगणंच तसं हाय. लातूर लिहिलं आन उद्या उदगीर जिल्हा झाला तर पाटी खराब. उदगीर लिहिलं आन न्हाई झाला तर लोक हसतेत. म्हणून म्हणतेत, जगा सोडून ठेवा."

"मग पुढचं कधी लिहिणार?"

"सरकारनं आधी लिवावं," ते ब्रश धूत म्हणाले. "माझ्या वालिदनं सोडलेल्या जगा बी मी अजून सांभाळून राहिलो."

रिकाम्या जागेचा याहून चांगला धडा मला सरांच्या वर्गात मिळाला नव्हता. मी विचारून फोटो काढला. सलीमभाईंनी पोज दिली नाही, काम चालू ठेवलं. ब्रश ते वाटीभर रॉकेलमध्ये धुवायचे आणि तेच रॉकेल परत परत वापरायचे.

चौथ्या दिवशी उदगीरहून जळकोटमार्गे कंधार. कंधारला भुईकोट किल्ला आहे, भोवती रुंद खंदक. दरवाज्याच्या कमानीतून आतली दुसरी कमान दिसते, म्हणजे चौकटीतली चौकट तयारच. तिथे तासभर उन्हात बसले. कमानीत कुणीतरी यावं म्हणून वाट पाहिली, शेवटी एक शेळी आली. तिनं फार चांगली जागा घेतली. आणखी एक एसटी, आणि संध्याकाळी नांदेड.

नांदेडला स्टेशनजवळच्या लॉजवर उतरले. खोली साधी, पण न्हाणीघरात दोन बादल्या भरलेल्या आणि नळाला धार. मी दोन्ही बादल्या वापरल्या. तीन दिवसांची धूळ होती, असं माझं म्हणणं. लॉजचे मॅनेजर आपुलकीनं चौकशी करत होते.

"लातूरहून आलाव म्हणा की. पाणी न्हाई म्हणतेत तिकडं."

"खरंच नाही."

"बगा," ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "प्यायला पाणी न्हाई आन नवं आयुक्तालय लातूरलाच पाहिजे म्हणून भांडून राहिले आमच्याशी."

पाचव्या दिवशी सकाळी जुन्या नांदेडातल्या इतवाऱ्यात गेले. खिचडीबरोबर खिमा आणि चिंचेचा खट्टा मिळतो, नऊच्या आत पोचा नाहीतर भांडी घासलेली दिसतील. गोदावरी घाटापासून बरीच आत सरकली होती. गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पंजाबहून आलेली माणसं, हैदराबादी चहा आणि मराठीत ओरडणारे रिक्षावाले एका चौकटीत मावत होते. मला वाटायला लागलं होतं की मला हे जमतंय. त्यातच सरांचा निरोप आला: घागरींचा फोटो प्रदर्शनाच्या दारात मोठा करून लावायचा, आमंत्रणपत्रिकेवरही तोच. सेहेचाळिसाव्या वर्षी कुणी आपलं काही दारात लावतं म्हटल्यावर मी एक चहा जास्तीचा घेतला. रात्रीच्या गाडीचं पुण्याचं तिकीट पर्समध्ये होतं.

दहाच्या सुमाराला महादेवीचा फोन आला. तिचा आवाज वेगळा होता.

"तू तो फोटो काढलीस ना, पिवळ्या घागरीचा. इथं लई गोंधळ झालाय."

भाऊजींच्या तीन ग्रुपांवरून तो फोटो तेरा ठिकाणी गेला होता. वाटेत कुणीतरी त्यावर लिहिलं होतं: "पाहा, टँकरचा नंबर तोडताना रंगेहाथ." हे लिहिणाऱ्याला गल्ली माहीत नव्हती, पण गल्लीला घागर माहीत होती. ती बाई कमलबाई. डाळ मिलमध्ये तूर निवडायचं काम करते, नवरा बाहेरगावी बांधकामावर, घरी सासू. आदल्या संध्याकाळी घागर लावते, पहाटे मिलला जाते आणि टँकरच्या वेळी पळत येते. महिन्याभरात रांगेत जेवढी भांडणं झाली होती, ती सगळी आता तिच्या नावावर गेली. ती सांगत होती की माझी घागर कुणीतरी मागं ठेवली होती, मी माझ्या जागेवर आणली. लोक मोबाइल तिच्यापुढे धरत होते. फोटोत ती घागर घेऊन पुढे जाताना स्पष्ट दिसत होती. कालच्या टँकरला बायांनी तिची घागर शेवटी ठेवायला लावली, आणि तिच्यापर्यंत येईतो टँकर रिकामा झाला. आपांनाही काही बोलता येईना.

मी लॉजच्या जिन्यावर बसले. 

"ऐकतीस ना?" महादेवी म्हणाली. "कोण हलवलं असंल गं?"

"मी," मी म्हटलं.

 मग भाऊजींनी फोन घेतला. मी त्यांना सांगितलं की माझ्याकडे आधीचा एक फोटो आहे, त्यात पिवळी घागर तिच्या जागेवर दिसते. ते लगेच म्हणाले, "मग तेवढा पाठवून द्या की. तुम्ही हलवलाव हे कशाला सांगता? वाऱ्यानं गेली म्हणू. रिकामी घागर हाय, जाती वाऱ्यानं." त्यांना माझी अब्रू वाचवायची होती. वाईट सल्ला नव्हता. मी तो पाच मिनिटं मनात घोळवला हेही सांगते. वारा कुठल्या दिशेनं वाहत होता इथपर्यंत माझी तयारी झाली होती.

मग महादेवीनं फोन परत घेतला. "माझ्या गच्चीवरून काढलीस तू. मला ह्या गल्लीत राहायचंय. तू ये."

पुण्याचं तिकीट परत केलं आणि लातूरची एसटी धरली. लोहा, अहमदपूर करत साडेतीन-चार तास. या रस्त्याबद्दल मी तुम्हाला काहीही उपयुक्त सांगू शकत नाही, मी तो पाहिलाच नाही. एकदाही कॅमेरा बाहेर काढला नाही. वाटेत सरांना फोन करून सांगितलं की तो फोटो दारात लावू नका, मी घागर हलवली होती.

सर म्हणाले, "मॅडम, पण उचलली तर तिनं स्वतःच ना? म्हणजे तो क्षण खराच आहे."

"सर, तुमचाच नियम आहे."

"हो, पण इतका चांगला फोटो असेल तर..." ते म्हणाले, आणि पुढचं त्यांना सुचलं नाही. मला त्यांचा राग आला नाही. पुढचं मला तीन दिवसांपूर्वी गच्चीवर सुचलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी टँकर यायच्या आधी मी गल्लीत जाऊन उभी राहिले. महादेवी बाजूला उभी होती, माझ्याशी कालपासून मोजकंच बोलत होती. कमलबाईंनी मिलमध्ये उशिरा येते म्हणून सांगितलं होतं. बाया जमल्या. 

मी आपांना कॅमेरा दाखवला. छोट्या पडद्यावर पहिला फोटो: पिवळी घागर निळ्यांच्या मधे, बाराव्या जागी, गल्ली रिकामी. मग म्हटलं, "यानंतर मी खाली आले आणि ही घागर उचलून शेवटी ठेवली. फोटो चांगला यावा म्हणून. यांनी स्वतःची जागा परत घेतली, दुसऱ्या कुणाची नाही."

आपांनी कॅमेरा डोळ्यांजवळ धरून बाराही घागरी बोटानं मोजल्या. मग तो बायांच्या हातांतून फिरला.  रागानं वळून बघणारे फोटोतले तीन चेहरे त्या घोळक्यात होते, आणि आता त्या बाया एकमेकींकडे बघत होत्या.

"चांगला यावा म्हणून म्हणजे?" एकीनं विचारलं. "पिवळ्यानं काय बिघडत होतं?"

मी सांगायचा प्रयत्न केला. रंग, रेषा, नजर अडखळते वगैरे. दोन वाक्यांत मलाच ऐकवेना, मी थांबले.

कमलबाई इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. आवाज शांत होता.

"बाई, मला चार दिवस पाणी न्हाई. सासूला अंगाला पुसायला जावेकडून तांब्या मागून आणला. तुम्ही नांदेडला होताव म्हणं. तिथं आंघोळ केलाव का?"

"केली," मी म्हटलं.

"किती बादल्या?"

"दोन."

त्यांनी मान हलवली. त्यात टोमणा नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला त्या क्षणी त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं.

आपांनी निकाल दिला. आज कमलची घागर पहिली, आणि तिच्या दोन घागरी जादा. आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही भरून तिच्या घरापर्यंत द्या. डोक्यावर न्हाई जमायचं तुम्हाला, हातात घ्या." तीन घागरींच्या तीन खेपा मारल्या. कमलबाईंचं घर वळणापासून फार लांब नाही, पण तिसऱ्या खेपेला माझी बोटं उघडेनात. दारात त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या. त्यांना काय घडलंय ते नीट माहीत नसावं, त्यांनी मला मिलमधली नवी बाई समजून पोरं किती विचारलं.

घागर ठेवून मी कमलबाईंची माफी मागितली. काही नुकसान भरून देता येईल का असं विचारलं. त्या म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ द्या. जिथं जिथं गेलाय तिथं सांगा. न्हाईतर इथल्या बाया मानतील, बाकीचे कसे मानणार? मिलमधला मुकादम अजून नंबरतोडी म्हणून हाक मारायलाय."

मग त्यांच्यासाठी निदान एक काम नीट करावं म्हणून मी आणि भाऊजी दुकानात बसलो आणि तेरा ठिकाणी लिहिलं. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, आणि घागर मी हलवली हे स्पष्ट. भाऊजींनी वाऱ्याचं नाव काढलं नाही, उलट प्रत्येक ठिकाणी आधी आपण तपासल्याशिवाय पुढे पाठवला हे लिहिलं. नऊ ठिकाणी कुणी काही उत्तर दिलं नाही. तीन ठिकाणी हात जोडलेले आले. ज्या ग्रुपवर "रंगेहाथ" लिहिलं गेलं होतं, त्याच्या चालकाचा फोन लागला.

"मॅडम, ते जुनं झालं आता," तो समजूत घालत म्हणाला. "लोक विसरले. तुम्ही परत टाकलं तर उगं आठवण होती."

"मुकादम विसरला नाही," मी म्हटलं.

त्यानं टाकतो म्हटलं. टाकलं नाही. मग महादेवी स्वतः डाळ मिलवर गेली. ती काय बोलली मला माहीत नाही, मी बरोबर येऊ का विचारलं तर नको म्हणाली. परत आल्यावर तिनं एवढंच सांगितलं की मुकादम आता कमलबाईंना नावानं हाक मारतो. त्या संध्याकाळी ती माझ्याशी पहिल्यासारखी बोलली. भाकरी वाढताना विचारलं, तुझ्या गच्चीवरून कुणी असं केलं असतं तर तू काय केलं असतंस. मी म्हटलं, बोलले नसते वर्षभर. "मीबी तेच ठरवलं होतं," ती म्हणाली, "पण तू आलीस."

सातव्या दिवशी पुणे. प्रदर्शनात माझे नऊ फोटो लागले, सलीम पेंटर आणि शेळी धरून. दारात दुसऱ्याच कुणाचा, पडक्या विहिरीचा फोटो लावला होता, तो चांगला होता. सरांनी पुढच्या तुकडीला नियम सांगताना माझं उदाहरण द्यायला परवानगी मागितली, मी दिली. तरी नाव गाळा म्हटलं, इतकी माझी प्रगती.

घागरीचा फोटो मी कार्डावरून पुसला, माझ्यापुरता. पावसाळा संपता संपता तो आमच्या शाळेच्या ग्रुपवर आला. पर्यवेक्षक बाईंनी पाठवला होता. आता खाली लिहिलं होतं "थेंब थेंब वाचवा" आणि गावाचं नाव भलतंच होतं. मी सगळी हकिकत लिहिली, लांबलचक, जशी आत्ता लिहिते आहे तशी. चित्रकलेच्या सरांचं उत्तर आलं: "रंगसंगती सुरेख."

म्हणून ब्लॉगवर लिहायला घेतलं. आधी महादेवीकडून कमलबाईंना विचारलं की यात तुमचं नाव बदलू का. वाटलं होतं, त्या हो म्हणतील. त्यांनी महादेवीच्याच फोनवरून मला सांगितलं, "बदलू नका. फोटोत नाव नव्हतं, तवा लोकांनी त्यांच्या मनानं ठेवलं. माझं लिवा."

तर निळ्या घागरींच्या रांगेवरून पिवळी घागर उचलून नेणाऱ्या बाईचा फोटो तुमच्याकडे कुठून आला, तर त्या कमलबाई आहेत, लातूरच्या. त्या आपली घागर आपल्या जागेवर ठेवत आहेत.